साथ समर्पक होती

"वाच की," अक्का म्हणाल्या. "इंग्रजी असलं म्हणून काय झालं? एकेक वाक्य वाच आणि मराठीत सांग."

त्यांच्या उजव्या डोळ्यावर हिरवी पट्टी होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचायला बंदी केली होती. "वाचू नका म्हणालाय. गाऊ नका कुठं म्हणालाय?" असं म्हणून त्यांनी रविवारचा सांगलीचा कार्यक्रम मात्र कायम ठेवला होता. मिरजेच्या त्यांच्या घरात, गाण्याच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. माझ्या हातात दोन कागद होते.

कुमुदिनीबाई हुदलीकर म्हणजे आमच्या अक्का. त्यांच्या डाव्या हाताला पेटी घेऊन मी अठरा वर्षं बसलो. अठरा वर्षांत त्यांनी मला कधी "छान" म्हटलं नाही आणि मी त्यांच्यासमोर कधी स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही. आमच्यात ती रीतच नाही. पेटीवाला बैठकीवर बसला की गाणाऱ्याकडे बघून "आज्ञा?" म्हणतो, गाणारा मान हलवतो आणि मग पहिला सूर लागतो. आता तोच पेटीवाला त्यांच्या सहीसाठी आपल्या स्तुतीचं पत्र घेऊन आला होता आणि ते त्यानंच मोठ्यानं वाचायचं होतं. याहून तर ऑपरेशन माझ्या डोळ्याचं झालेलं परवडलं असतं.

"वाचतो," मी म्हणालो. "हेरंब केळुसकर यांना मी अठरा वर्षं ओळखते..."

"हे बरोबर आहे."

"ते, म्हणजे... पेटी बरी वाजवतात."

कागदावर लिहिलं होतं की, हेरंब केळुसकर हे आपल्या क्षेत्राच्या अगदी शिखरावर पोचलेल्या जगातल्या मोजक्या कलावंतांपैकी एक आहेत. पण ते वाक्य माझ्या तोंडातून बाहेर पडेना. पुढच्या वाक्यात मला पर्याय नाही असं होतं, त्याचं मी "वेळेवर येतात" असं केलं. त्यापुढे माझ्या बोटांबद्दल चार ओळी होत्या, त्या मी "रियाज नियमित आहे" एवढ्यात आटपल्या.

अक्कांनी नाक मुरडलं. "एवढं सांगायला दोन कागद लागले होय अमेरिकेतल्या लोकांना?"

हे सगळं लचांड सुरू झालं ते न्यू जर्सीच्या एका संगीतशाळेमुळे. त्यांना पेटी शिकवायला माणूस हवा होता. साथीची पेटी नव्हे, एकट्यानं वाजवायची पेटी. वर्गाला माझं नाव असणार होतं, वर्षाकाठी दोन कार्यक्रमही माझेच असणार होते. मी सत्तेचाळीस वर्षांचा होतो आणि तोपर्यंत एकाही हँडबिलावर माझं नाव सर्वांत वर छापलेलं नव्हतं. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रात्री झोप लागत नव्हती, आणि हे कबूल करायची लाज वाटत होती.

पण तिथे कायमचं राहायला मिळायचं तर आपण असामान्य कलावंत आहोत हे सिद्ध करावं लागतं. दहा निकष, त्यातले निदान तीन तरी पुरे करायचे. शाळेनं नेमून दिलेल्या वकीलबाई मराठीच होत्या, ऋजुता गद्रे. आवाजावरून तिशीच्या आतल्या वाटायच्या आणि सारख्या घाईत असायच्या. त्यांना मी माझी सगळी कात्रणं पाठवली. एकशे बारा होती. दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"सर, ही परीक्षणं हुदलीकरबाईंची आहेत. तुमच्याबद्दलची कुठायत?"

"शेवटी आहे ना माझं नाव. प्रत्येकात आहे."

"'तबल्यावर शब्बीर मुजावर व पेटीवर हेरंब केळुसकर यांनी केलेली साथ समर्पक होती.' एकशे बारा वेळा हेच वाक्य आहे सर. कधी कधी तर नुसतं आडनाव."

"पेटीवाल्याचं कौतुक असंच करतात हो. आमचं वाजवणं वेगळं जाणवलं म्हणजे चुकलं."

"म्हणजे जो कुणाच्या लक्षात येत नाही तो सगळ्यात मोठा? हे मी तिथल्या अधिकाऱ्याला कसं पटवू?" त्या हसल्या नाहीत. "बरं, तुमच्यामुळे कार्यक्रम वाचला, असं कधी झालंय? तुम्ही नसता तर कोसळला असता, असं?"

आणि मी बोलून गेलो. आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. जे सहा वर्षांत बायकोलाही सांगितलं नव्हतं, ते मी फोनवर एका न पाहिलेल्या बाईला सांगून टाकलं. तिनं ते टाइप केलं, अक्कांच्या नावानं पत्रात घातलं आणि कळवलं, "हेच आपलं हुकमाचं पान आहे. ही सही आणा."

तर ते पान माझ्या हातात होतं. दुसऱ्या कागदावर, मधोमध.

मी कागद उलटला, तो परिच्छेद डोळ्यांखालून घातला आणि सरळ शेवटावर आलो. "तरी यांना परवानगी द्यावी ही विनंती. आपली, कुमुदिनी हुदलीकर. झालं. इथे सही."

मी पेन पुढे केलं. अक्कांनी ते घेतलं नाही.

"मधलं?"

"मधलं कुठलं?"

"कागद उलटलास, श्वास घेतलास. तो श्वास लांब वाक्याचा होता. मग एकदम विनंतीवर आलास." त्यांचा उघडा डोळा माझ्यावर होता. "अठरा वर्षं तुझा श्वास ऐकतीय मी, हेरंबा. जे गिळलंस ते वाच."

पळून जावं असं वाटलं, पण पायाला मुंग्या आल्या होत्या. मी वाचलं. या वेळी एकही शब्द लहान केला नाही.

"सहा वर्षांपूर्वी बेळगावच्या मैफलीत माझा आवाज वरच्या षड्जाला पोचला नाही. त्याच क्षणी केळुसकरांनी पेटीवर तो षड्ज धरला आणि माझा आवाज सावरेपर्यंत असा भरून ठेवला की सहाशे श्रोत्यांपैकी कुणालाही ते कळलं नाही. त्यानंतरच्या प्रत्येक मैफलीत त्यांनी हे केलं आहे. मी आज रंगमंचावर गाऊ शकते ती त्यांच्यामुळे."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत होतं. अक्का सरळ होऊन बसल्या.

"बेळगावचं त्यांना कुणी सांगितलं?"

"मीच."

"हं."

"अक्का, चुकलं माझं. तेवढं काढून टाकायला सांगतो." आणि मग जे विचारायला नको होतं ते मी विचारलं. "पण तुम्हाला... माहीत होतं?"

"माझ्या गळ्यातून न निघालेला सा मला ऐकू आला, तर मला कळणार नाही होय? गाढवा."

सहा वर्षं मी समजत होतो की मी इतक्या सफाईनं भरतो की त्यांनाही पत्ता लागत नाही. माझा तो एकच अभिमान होता, तोही गेला.

अक्कांनी माझ्या हातातून कागद घेतले, त्यांची नीट घडी केली आणि तानपुऱ्याच्या गवसणीखाली सारून ठेवले. "यावर मी सही करायची नाही."

"तो परिच्छेद काढला तर?"

"कशावरच नाही. रविवारी सकाळी साडेसातला हॉलवर ये. कार्यक्रम नऊचा आहे, उशीर करू नको."

मिरजेहून सांगलीला घरी आलो तो धड कुणाशी बोलण्याच्या स्थितीत नव्हतो. बायकोनं, शर्मिलानं, तोवर गरम कपड्यांना ऊन दाखवून ते गॅलरीतल्या खुर्च्यांवर पसरले होते. ते बघून मी आणखी चिडलो.

"सही झाली?" तिनं विचारलं.

"नाही."

"का?"

"त्यांची मर्जी."

त्यानंतरचे तीन दिवस मी नुसता येरझारा घालत होतो. पेटी उघडायचो, दोन सूर वाजवायचो, बंद करायचो. गुरुवारी मिरजेच्या वाद्यांच्या गल्लीत जाऊन चांगल्या असलेल्या पेटीचे सूर उगीच तपासून घेतले. कारागीर म्हणाला, "केळुसकर, पेटीला काय झालेलं नाही. तुम्हीच जरा दमानं घ्या." शुक्रवारी अक्कांना फोन लावला आणि पहिली घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. रागही येत होता आणि शरमही वाटत होती, पण खरं सांगतो, राग जास्त होता. सहा वर्षं मी यांची लाज राखली आणि यांना एक सही देववत नाही! ज्याच्या खांद्यावर चढून फळं काढली, त्यालाच साल दाखवायची? असंही वाटायचं, आणि लगेच आठवायचं की घरातली गोष्ट चव्हाट्यावर नेणारा मीच आहे.

शनिवारी ऋजुता गद्रेंचा फोन आला. "सर, शाळा यापुढे थांबायला तयार नाही, त्यांच्याकडे दुसरं नाव आहे. सोमवारी संध्याकाळपर्यंत मी वाट बघते. ते पत्र नसेल तर फाइल पाठवण्यात अर्थ नाही. तुमच्याबद्दल बाहेरचं कुणीच काही म्हणत नाहीये."

रविवारी सव्वासातलाच हॉलवर पोचलो. अक्का आतल्या खोलीत तानपुरा लावत बसल्या होत्या. पट्टी गेली होती, काळा चष्मा आला होता. शब्बीरभाई कोपऱ्यात तबल्याला हातोडी मारत होते. मी नमस्कार केला. अक्कांनी पत्राचं नाव काढलं नाही, मीही काढलं नाही.

"काय गाताय आज?"

"देसकार."

शब्बीरभाईंची हातोडी थांबली. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. देसकार हा सकाळचा राग, आणि तो राहतो वरच्या मजल्यावर. त्याचं सगळं येणंजाणं वरच्या षड्जापाशी. बेळगावपासून अक्कांनी देसकार गायला नव्हता. कुणी फर्माईश केलीच तर हसून तोडीवर न्यायच्या.

"अक्का, देसकार?"

"कान तुझे बिघडले काय? डोळ्याचं ऑपरेशन माझं झालंय." मग तानपुऱ्यावरचा हात न काढता हळू म्हणाल्या, "आणि ऐक. मी हात वर केला की पेटी बंद. काही झालं तरी भरायचं नाही."

"पण वरचा..."

"दर वेळी आज्ञा मागतोस ना? ही घे."

हॉल भरला होता. तिसऱ्या रांगेत कडेला भोसेकर मास्तर बसले होते. गावातल्या दैनिकात पंचवीस वर्षं संगीताची परीक्षणं तेच लिहायचे. माझ्या एकशे बारांपैकी साठेक कात्रणं त्यांचीच. ते समर्पकवालं वाक्य मास्तर घरूनच लिहून आणतात, अशी आम्ही साथीदार थट्टा करायचो.

बैठकीवर बसल्यावर मी सवयीनं "आज्ञा?" म्हणालो. अक्कांनी मान हलवली.

सुरुवात सुरेख झाली. धैवतावर त्या अशा काही ठाण मांडून बसल्या की पुढच्या रांगांतून दाद आली. मी मागे मागे होतो, नेहमीसारखा. दहा मिनिटं गेली. मग त्यांनी वर जायला सुरुवात केली. षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन परत आल्या, पुन्हा गेल्या, पुन्हा परत आल्या. त्यांच्या मानेची शीर ताठली की पुढच्या श्वासाला षड्ज येणार हे मला पाठ होतं. माझ्या उजव्या हाताची करंगळी आपोआप पेटीच्या त्या पट्टीवर गेली.

अक्कांनी हात वर केला.

मी करंगळी उचलली. तबला जपून ठेका देत राहिला. अक्कांनी तोंड उघडलं, आणि वरच्या षड्जाला त्यांचा आवाज फाटला. कोरड्या विहिरीत पोहरा आपटावा तसा आवाज आला. चारशे माणसांनी तो ऐकला.

कुणीतरी खाकरलं. कुणीतरी बाजूच्याच्या कानात कुजबुजलं. माझी करंगळी पट्टीच्या वर केसभर अंतरावर रोखलेली होती. आयुष्यात इतकं अवघड मी काही वाजवलेलं नाही. अक्कांचा हात तसाच वर होता. त्यांनी दुसऱ्यांदा प्रयत्न केला. या वेळी तर नुसती हवा आली.

त्यांनी हात खाली घेतला आणि शब्बीरभाईंना थांबवलं. काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"मंडळी," त्या म्हणाल्या, "हा माझा आवाज. सहा वर्षं झाली, वरचा सा मला लागत नाही. तरी तुम्ही दर वेळी ऐकलात आणि टाळ्या वाजवल्यात. तो सा या पोराचा होता." सत्तेचाळीस वर्षांच्या मला पोर म्हणून त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "माझा गळा कुठं तुटणार हे माझ्या आधी याला कळतं. असा पेटीवाला मी तरी दुसरा बघितला नाही. आता हा परदेशी निघालाय. जाण्याआधी त्याचं त्याच्या नावावर करून द्यावं म्हटलं." मग मास्तरांकडे बघून म्हणाल्या, "भोसेकर, लिहिताय ना? की तुमचं वाक्य आधीच लिहून झालंय?"

हॉलमध्ये हशा झाला, पण तो पटकन विरला.

"चल हेरंबा," अक्का म्हणाल्या. "आता उघड उघड."

त्या परत धैवतावर आल्या. वर गेल्या. आणि मी षड्ज धरला, पूर्ण भात्यानं. या वेळी कुठे त्यांचा आवाज सुटतो आणि कुठे माझा सूर लागतो, हे ऐकायला माणसं पुढे सरसावून बसली होती, आणि तरी कुणाला तो सांधा सापडला नाही. मला समोरचं काही दिसत नव्हतं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर आत गेलो तर अक्कांनी पिशवीतून ते दोन कागद काढले. सही झालेली होती, पुढे बुधवारची तारीख. म्हणजे पत्र वाचून मी जिना उतरलो, त्याच दिवशी त्यांनी ती करून ठेवली होती.

"मग मला नाही का म्हणालात?" माझा आवाज चढला होता. "चार दिवस जीव टांगणीला होता माझा!"

"नुसता कागद गेला असता तर तिकडं कुणी खरं मानलं असतं? पेटीवाल्यानं म्हातारीकडनं लिहून घेतलं म्हणाले असते." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "आणि गाणाऱ्या बाईनं लिहून द्यायचं असतं होय? गाऊन द्यायचं असतं."

सोमवारच्या अंकात भोसेकर मास्तरांनी अर्धं पान लिहिलं. फोटो माझा होता. पंचवीस वर्षं आपण कान असून ऐकलं नाही, अशी त्यांनी जाहीर माफी मागितली होती. सगळ्यात शेवटी होतं, "कुमुदिनीबाईंचं गायन समर्पक होतं." मी ते स्कॅन करून पाठवलं. तासाभरात ऋजुता गद्रेंचा फोन आला. पहिल्यांदाच त्या घाईत नव्हत्या. "सर, हे मी फाइलच्या अगदी वर लावतेय," म्हणाल्या. चार महिन्यांनी परवानगी आली.

याला आता अकरा वर्षं झाली. माझ्या वर्गात तीस मुलं आहेत आणि हँडबिलावर नाव सर्वांत वर असतं. अक्कांना मात्र त्या रविवारनंतर कुणी बोलावलं नाही. डिसेंबरच्या महोत्सवाचं निमंत्रण आधीच आलेलं होतं, ते "प्रकृतीला जपा" म्हणून मागे घेतलं गेलं. हे मला शब्बीरभाईंनी कळवलं. अक्का त्याबद्दल बोलल्या नाहीत. दर दिवाळीला मी फोन करायचो, तेव्हा "चार पोरी येतात शिकायला, घर भरलेलं असतं," एवढंच सांगायच्या.

एका दिवाळीला मी धीर करून विचारलं, "अक्का, त्या दिवशी माझा हात आवरला नसता तर? मी भरला असता तर?"

पलीकडे त्यांनी कुणा पोरीला तानपुरा थांबवायला सांगितलं.

"मी हात वर केला खरा," त्या म्हणाल्या. "पण मला वाटलं होतं, तू भरशील."

आणि हसल्या. ती थट्टा होती की काय, मला विचारता आलं नाही. पुढच्या दिवाळीच्या आत त्या गेल्या.

त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण माझ्याकडे आहे. मी आज्ञा पाळली, असं मी सगळ्यांना सांगतो. पण "तुमच्याबद्दल बाहेरचं कुणीच काही म्हणत नाहीये" हे वकीलबाईंचं शनिवारचं वाक्य त्या क्षणी माझ्या डोक्यात नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. म्हणून मी ती जागा पुन्हा पुन्हा ऐकतो. अक्कांचा आवाज फाटतो, कुणीतरी खाकरतं, आणि त्याच्या मागे, कान देऊन ऐकलं तर, एक बारीक फुसफुस सतत चालू असते. तो माझा भाता आहे. मी तो चालवत होतो. पेटीत हवा भरलेली होती, फक्त करंगळी टेकवायची होती.